पाठमोरी इमारत : एका प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२४, शनिवार

ठाण्याच्या पाचपाखाडीतील आमच्या छोट्या वाचनालयाच्या कार्यकारिणीने १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनासाठी परदेशातील एखाद्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयाची प्रतिकृती करण्याचे आज ठरवले. मी तीस वर्षे सरकारी नोकरीत आरेखक म्हणून काढली असल्याने हे काम कोणाकडे जाणार, हे बैठकीतला चहा येण्यापूर्वीच ठरल्यासारखे होते. ग्रंथपाल बाईंनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील घुमटाखालच्या गोल वाचनकक्षाचे नाव सुचवले होते. परंतु घुमट करणे माझ्या हाताला जमणार नाही, हे मी स्पष्ट सांगितले. शेवटी न्यूयॉर्कचे पाचव्या अव्हेन्यूवरील मुख्य ग्रंथालय एकमताने ठरले. सरळ भिंती, सरळ खांब आणि पायऱ्या एवढाच त्यामागचा माझा हिशेब होता. इतरांचा हिशेब दारातल्या दोन सिंहांपाशी सुरू झाला आणि तिथेच संपला.

स्थापत्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी माझी पुतणी मदतीला येणार आहे. बैठक, माप, खर्च सगळे लिहून ठेवण्याची खोड नोकरीतली आहे, म्हणून ही वही.

१० जुलै, बुधवार

मापे जमली. इमारत पुढून ३९० फूट लांब आणि २७० फूट खोल आहे. १:२०० प्रमाण धरले तर ५९.४ सेंटिमीटर बाय ४१.१ सेंटिमीटर होते, म्हणजे जेवणाच्या टेबलावर आरामात बसेल. मात्र इमारतीच्या पाठीला ब्रायंट पार्क आहे आणि ते सहाव्या अव्हेन्यूपर्यंत जाते. पाचव्या व सहाव्या अव्हेन्यूमधील अंतर ९२० फुटांचे, म्हणजे आपल्या प्रमाणात १४० सेंटिमीटर. ४०व्या आणि ४२व्या रस्त्यांमधली रुंदी सुमारे ७० सेंटिमीटर. आठ बाय चारच्या प्लायमधून हा तुकडा निघतो आणि उरलेल्यात पाय बसवता येतात.

कार्यकारिणीतील एका सदस्यांनी क्रायस्लर बिल्डिंग आणि ग्रँड सेंट्रल स्थानकही 'आजूबाजूला दाखवा' असे सुचवले. १९३० साली पूर्ण झालेल्या क्रायस्लरची उंची १,०४६ फूट. १:२०० मध्ये ती जवळजवळ १६० सेंटिमीटर भरते, म्हणजे नेमकी माझी उंची. शिवाय या दोन्ही वास्तू ४२व्या रस्त्याने पूर्वेला, आपल्या प्लायच्या बाहेर पडतात. त्या भिंतीवरच्या नकाशात रेषेने दाखवू. ४०व्या रस्त्यापलीकडची, उद्यानाकडे तोंड करून उभी असलेली काळ्या विटांची आणि सोनेरी माथ्याची अमेरिकन रेडिएटर बिल्डिंग मात्र मी सोडणार नाही. १९२४ची ही इमारत ३३८ फूट उंच, म्हणजे आपल्याकडे अर्धा मीटर आणि वर दीड सेंटिमीटर होते. पांढऱ्या ग्रंथालयाशेजारी ती काळी इमारत दृष्ट लागू नये म्हणून लावलेल्या तिटेसारखी दिसेल. त्यासाठी पायाला दक्षिणेकडे एक पट्टी वाढवावी लागेल.

१४ जुलै, रविवार

आज हात कामाला लागला नाही, वाचनच झाले. जागेचा इतिहास वाचल्याशिवाय पाया आखू नये, असे आमचे जुने साहेब म्हणत.

ग्रंथालयाच्या जागी आधी पाणी होते. क्रोटन नदीचे पाणी शहराला पुरवण्यासाठी १८४२ साली तिथे जलाशय बांधला गेला; त्याच्या भिंती ५० फूट उंच आणि २५ फूट जाड होत्या आणि आत २ कोटी गॅलन पाणी मावत असे. लोक त्या भिंतींवर हवा खायला चढत. त्याच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत, म्हणजे आजच्या ब्रायंट पार्कात, १८५३ साली काच आणि लोखंडाचा 'क्रिस्टल पॅलेस' प्रदर्शनासाठी उभा राहिला आणि पाच वर्षांत जळून खाक झाला. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेच हे १८५३ साल.

पुढे जलाशय पाडला आणि १९०२च्या नोव्हेंबरमध्ये ग्रंथालयाची कोनशिला बसली. जलाशयाच्या पायाचे दगड आजही इमारतीच्या दक्षिण चौकात खाली पाहायला मिळतात. साठेक तलाव होते म्हणून सांगणाऱ्या आणि आज पस्तीसच्या आसपास मोजणाऱ्या आपल्या गावात तलाव बुजून त्यावर काय उभे राहिले, याची उजळणी मी करत बसत नाही. निदान तिथे पुस्तके आली.

पुतणीने विचारले, "काका, ते दगड दाखवायचे का?" प्रतिकृतीत ते तांदळाच्या कणीएवढे होतील, तरीही दाखवायचे.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. सकाळपासून पावसाने झोडपले आणि माझे आठवड्याचे काम वाया गेले. माउंटबोर्डच्या चारही बाहेरच्या भिंती मंगळवारी कापून, फेविकॉलने दुहेरी चिकटवून, वजनाखाली ठेवल्या होत्या. आज वजन काढले तर पुढची भिंत पापडासारखी वळलेली. ठाण्याच्या जुलैमध्ये कागदी पुठ्ठा ओल्या सरसासह बंद खोलीत ठेवू नये, हे मला नवीन नव्हते. घाई माझीच होती.

भिंती आता पाच मिलिमीटरच्या सनबोर्डच्या करू. त्याला पाणी लागत नाही, कटरने स्वच्छ कापला जातो आणि रंगही पांढराच असतो. खऱ्या इमारतीला व्हरमाँट राज्यातील डॉर्सेटच्या खाणीतला ५,३०,००० घनफूट संगमरवर लागला होता. वास्तुविशारद कॅरेअर आणि हेस्टिंग्ज इतके काटेकोर की खाणीतून आलेल्या दगडातला जवळपास ६५ टक्के त्यांनी नापास केला आणि त्यातला काही मग हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतींना गेला. माझा नापास माल रद्दीवाल्याकडे जाईल.

२८ जुलै, रविवार

आज महत्त्वाचा निर्णय झाला आणि तो वादाशिवाय झाला नाही.

गेले तीन आठवडे मी या इमारतीची छायाचित्रे पाहतो आहे. दहातली नऊ पुढून काढलेली असतात: रुंद पायऱ्या, तीन कमानी, त्यांच्यावर ज्यांच्या संग्रहांतून आणि देणगीतून ग्रंथालय उभे राहिले त्या ॲस्टर, लेनॉक्स आणि टिल्डन यांची नावे, खांबांच्या माथ्यावर सहा पुतळे, दोन सिंह. या दर्शनी बाजूत कसूर काढायला जागा नाही. परंतु ती पाहून आत ग्रंथालय आहे की न्यायालय की बँक, हे ओळखता येत नाही. मागची, उद्यानाकडची भिंत मात्र पहिल्याच नजरेत सगळे सांगून टाकते. तिच्यात खालपासून वरपर्यंत अरुंद, उंच, उभ्या खिडक्यांच्या फटी एकीशेजारी एक ओळीने आहेत आणि त्यांच्या वर मोठ्या कमानदार खिडक्या. फटींच्या मागे पुस्तकांच्या लोखंडी मांडण्यांचे सात मजले आहेत. कमानींच्या मागे वाचकांचे दालन. पहिले संचालक जॉन शॉ बिलिंग्ज यांनी इमारतीची कल्पना आधी एका लहानशा रेखाटनात मांडली होती, आणि तीत हेच होते: पुस्तके खाली, वाचक वर, आणि दोघांमधला रस्ता शक्य तितका तोकडा.

यातले खरे मर्म असे की त्या मांडण्या नुसत्या मांडण्या नाहीत. वरच्या वाचनकक्षाची जमीन त्या लोखंडी सांगाड्यानेच तोललेली आहे. वाचक पुस्तके वाचतात तेव्हा ते पुस्तकांच्या कपाटांवर बसलेले असतात, हे अलंकारिक बोलणे नसून भाराचे गणित आहे.

म्हणून मी प्रस्ताव मांडला की प्रतिकृतीची मागची भिंत अर्धी उघडी ठेवून आतला छेद दाखवावा आणि सभागृहात प्रवेशणाऱ्याला ती बाजू आधी दिसेल अशी मांडावी. अध्यक्ष म्हणाले, "अहो, पाहुण्यांकडे पाठ करून इमारत कशी ठेवणार? अपशकुनी दिसते." बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. सिंह मोठे आणि देखणे होतील, या अटीवर तडजोड झाली.

१० ऑगस्ट, शनिवार

मांडण्यांचे मजले. प्रत्येक मजला साधारण साडेसात फूट उंच, कारण शिडीशिवाय माणसाचा हात वरच्या फळीला लागला पाहिजे. आपल्या प्रमाणात ११.४ मिलिमीटर. असे सात मजले मिळून ८ सेंटिमीटर होतात. वरचा वाचनकक्ष २९७ फूट लांब, ७८ फूट रुंद आणि सुमारे ५२ फूट उंच. त्याची उंचीही आपल्याकडे जवळजवळ ८ सेंटिमीटर भरली. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवल्यावर पुतणी आणि मी काही वेळ नुसते पाहत राहिलो. वर जेवढे मोकळे, तेवढेच खाली भरलेले. आराखड्यावर हे मला दिसले नव्हते.

खिडक्यांच्या फटी हाताने कापणे शक्य नाही, म्हणून वागळे इस्टेटमधल्या एका लेझर कटिंगवाल्याकडे गेलो. पुतणीची फाइल सेंटिमीटरमध्ये होती, यंत्र मिलिमीटर समजून बसले आणि पंचेचाळीस सेंटिमीटरची भिंत करंगळीएवढी होऊन बाहेर पडली. कारागीर हसून म्हणाला, "काका, कीचेन करायची होती का?" तो तुकडा मी खिशात घालून आणला. दुसऱ्या खेपेला भिंत बरोबर निघाली. फटींच्या कडा किंचित करपल्या आहेत, त्या पॉलिश पेपरने घासाव्या लागतील.

१८ ऑगस्ट, रविवार

सिंहांचे काम. १:२०० मध्ये सिंह चिंचोक्याएवढे होतील, ते एम-सीलचे मीच करीन. प्रदर्शनाच्या टेबलाच्या दोन बाजूंना मात्र वीतभर उंचीचे दोन वेगळे सिंह हवेत आणि ते शाडूच्या मातीत करायचे, असे ठरल्यावर कळव्याच्या एका गणपतीच्या कारखान्यात गेलो. तिथले मूर्तिकार अण्णा मूळचे पेणचे, माझ्याहून वयाने मोठे. गणपतीला वीस दिवस उरलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी सिंह मागतो आहे. तरीही त्यांनी मोबाइलवरची छायाचित्रे नीट पाहिली.

ते म्हणाले, "विसर्जनानंतर. आत्ता सिंहाचं नाव काढू नका."

निघताना त्यांनी विचारले की मूळ सिंह ज्याने केले त्याला पैसे किती मिळाले. एडवर्ड क्लार्क पॉटर यांनी नमुना घडवला, त्यांना ८,००० डॉलर मिळाले; टेनेसीच्या गुलाबी संगमरवरात सिंह प्रत्यक्ष कोरले पिचिरिल्ली बंधूंनी, त्यांना ५,०००. अण्णांनी हातातली कोरणी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "म्हणजे तिथंही कोरणाऱ्याला कमीच."

१ सप्टेंबर, रविवार

उद्यान. हिरवळीचा कागद चिकटवण्याआधी तिच्याखालचे काम पूर्ण केले, कारण ब्रायंट पार्कच्या हिरवळीखालीही पुस्तकेच आहेत. जुन्या सात मजल्यांत जागा पुरेना, म्हणून १९८०च्या दशकाच्या शेवटी उद्यान बंद ठेवून जमिनीखाली दोन पातळ्यांचे भांडार खोदले गेले. त्यातली खालची पातळी कित्येक वर्षे अर्धवट राहिली होती, ती २०१७पर्यंत तयार झाली आणि आता दोन्ही मिळून सुमारे ४० लाख पुस्तके मावतात. ही गोष्ट ठाणेकराला समजावून सांगायला एक वाक्य पुरते: गावदेवी मैदानाखाली आपण गाड्या ठेवतो, त्यांनी पुस्तके ठेवली.

जुन्या मजल्यांतली पुस्तके २०१३मध्ये हलवली गेली. त्या रिकाम्या मांडण्या काढून तिथे पुस्तके घरी न्यायला देणारे नवे ग्रंथालय करायची योजना होती. लेखक आणि अभ्यासकांनी विरोध केला आणि २०१४मध्ये ती मागे घेतली गेली. मांडण्या तशाच उभ्या आहेत, कारण वरची जमीन त्यांच्यावर आहे. म्हणून छेदात सात मजले मी रिकामे दाखवले आहेत आणि पुस्तके हिरवळीखाली. बाईंना हे पटायला वेळ लागला. "लोक विचारतील, कपाटं रिकामी का?" विचारावे, हाच तर हेतू आहे.

जमिनीखालून वाचनकक्षापर्यंत पुस्तके आणायला रुळांवर चालणाऱ्या २४ लाल गाड्यांची छोटी रेल्वे २०१६मध्ये बसवली. एका गाडीत ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलो वजन जाते आणि ती उभ्या भिंतीवरूनही चढते. रुळांसाठी मी जुन्या टेपरेकॉर्डरची फीत वापरली. गाड्या म्हणजे लाल मण्यांचे अर्धे तुकडे.

७ ते १७ सप्टेंबर

गणपती. घरी दीड दिवसांचा, पुढे नातेवाइकांकडे. काम नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

अण्णांनी सिंह दिले. पहिला सिंह पाहून मी गप्पच झालो. बसण्याची ढब बरोबर होती, पुढचे पंजे बरोबर होते, पण आयाळ कुरळ्या वळ्यावळ्यांची, डोळे बटबटीत आणि जबडा डरकाळी फोडणारा.

"अण्णा, हा देवीच्या पायाशी बसणारा सिंह झाला."

"मग सिंह दुसरा कसा असतो?"

त्यांचेही चुकले नव्हते. पन्नास वर्षे हाताला जे वळण आहे तेच बोटांतून येणार. १९११मध्ये मूळ सिंहांवरही न्यूयॉर्ककरांनी नाके मुरडली होतीच. त्यांना आधी ॲस्टर आणि लेनॉक्स यांच्यावरून नावे पडली होती. आताची नावे महापौर ला गार्डिया यांनी १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत दिली: 'पेशन्स' आणि 'फॉर्टिट्यूड', म्हणजे सबुरी आणि धैर्य. हे सांगितल्यावर अण्णा थोडा वेळ थांबले, पाण्याचा हात घेतला आणि माती ओलीच होती म्हणून दुसऱ्या सिंहाचा जबडा अंगठ्याने हळूच मिटवला. मग डोळ्यांवरची पापणी कोरणीच्या पाठीने खाली ओढली. दोन मिनिटांचे काम. तो सिंह एकदम म्हातारा आणि समजूतदार दिसू लागला.

पहिल्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, "हा तुमचा धैर्यवाला. तो ओरडला तर चालेल." त्यामुळे आमची सबुरी शांत आहे आणि धैर्य डरकाळी फोडते आहे. दर्शनी बाजूला तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला सबुरी आणि उजव्या हाताला धैर्य, हा क्रम चुकवायचा नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

वाचनकक्षाचे छत. नक्षी छापील चिकटवली, कारण नजर आणि हात दोन्ही आता चाळिशीपलीकडचे नाहीत, साठीपलीकडचे आहेत. २०१४च्या मे महिन्यात खऱ्या छतातले फूटभर मापाचे प्लास्टरचे एक फूल रात्री निखळून खाली पडले. दालन रिकामे होते म्हणून निभावले. त्यानंतर तिथली सगळी, सुमारे ९०० फुले पोलादी तारांनी वरून बांधून घेण्यात आली आणि दालन २०१६च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा उघडले. एका फुलासाठी सव्वादोन वर्षांहून अधिक काळ. आमच्या वाचनालयाचे गळके छत दोन पावसाळ्यांपासून ताडपत्रीखाली आहे, हे आपले सहज लिहिले.

६ ऑक्टोबर, रविवार

भिंतीवरचे दोन नकाशे. पहिल्यात न्यूयॉर्कचा परिसर, दुसऱ्यात ठाण्याचा. दुसरा नकाशा माझा हट्ट आहे. नवरात्राची गर्दी टाळण्यासाठी पहाटे सहाला स्टेशनवरून निघालो आणि तलावपाळीला वळसा घालत पायी हिंडलो. मासुंदा, कौपिनेश्वर, गडकरी रंगायतन, सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, पुढे १८२५चे सेंट जेम्स चर्च, १८७९चे सिनेगॉग आणि किल्ल्यातले कारागृह ही सगळी ठिकाणे एका सकाळच्या चालीत बसतात. इतक्या धर्मांची आणि राजवटींची ठिकाणे इतक्या जवळ असल्याचे नकाशावर खुणा करेपर्यंत माझ्याही लक्षात आले नव्हते, आणि मी इथे जन्मलो.

या सर्वांमध्ये मराठी ग्रंथसंग्रहालयाची खूण मी लाल शाईने केली. विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १ जून १८९३ रोजी सुरू केले तेव्हा भावे बाविशीचेही नव्हते. न्यूयॉर्कचे ग्रंथालय स्थापन करणारा करार झाला तो २३ मे १८९५ रोजी, म्हणजे आपल्यानंतर जवळपास दोन वर्षांनी. त्यांच्या मागे राज्यपाल राहिलेल्या सॅम्युअल टिल्डन यांची २४ लाख डॉलरची देणगी होती, आणि तिच्यावरून नातेवाईक कोर्टातही गेले होते. भाऊबंदकी काही आपलीच मक्तेदारी नाही. आपल्याकडे वर्गणी होती. या दोन तारखा मी नकाशांखाली सारख्याच आकाराच्या अक्षरांत लिहिल्या आहेत, बाकी काही लिहिलेले नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

टेम्पोने प्रतिकृती नेली. खड्ड्यात रेडिएटर बिल्डिंगचा सोनेरी माथा निखळला आणि उद्यानात जाऊन पडला. जागेवर चिकटवला. डरकाळीवाल्या सिंहाच्या शेपटीला तडा गेला आहे. तो भिंतीकडे वळवला की दिसत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी दहाला उद्घाटन झाले. प्रतिकृती ठरल्याप्रमाणे दाराकडे पाठ करून ठेवली. पहिला अर्धा तास लोक तिच्याकडे न पाहता थेट सिंहांकडे गेले, फोटो काढले आणि चहाकडे वळले. अध्यक्षांनी माझ्याकडे एकदा पाहिले, बोलले नाहीत.

अकराच्या सुमारास आमच्या वाचनालयाचे सेवक मामा, जे गेली बावीस वर्षे कपाटातून पुस्तके काढून खिडकीत आणून देतात, चष्मा पुसत छेदापाशी वाकले. त्यांनी बोटाने सात मजले मोजले, मग पुन्हा खालून मोजले. २४ मे १९११ रोजी ते ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले त्या सकाळी पहिली चिठ्ठी एका रशियन पुस्तकासाठी आली आणि ते सहा-सात मिनिटांत वाचकाच्या हातात पडले, हे मी त्यांना सांगितले.

"सात मजल्यांतून सात मिनिटांत?" मामा म्हणाले. "माणसं किती होती खाली?"

मला ते माहीत नव्हते. त्यांनी रिकाम्या मांडण्यांमधल्या वाटेची रुंदी नखाने मापली, ट्रॉली वळेल का म्हणून विचारले, आणि मी हिशेब करेपर्यंत दारातून आलेल्या शाळेच्या मुलांना हाताने थांबवून "इकडून बघा, मागून" असे सांगू लागले.